अडीच सुताची वाट

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात वरठी येथे दिलेले व्याख्यान)



मेळाव्याच्या चालकांनी मला फावल्या वेळच्या उद्योगांविषयी चार शब्द बोलावयास सांगितले आहे. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. शाळामास्तराला बोलण्याची सवय असते, थांबण्याची नसते; म्हणून अध्यक्षमहाराजांनी आपले घड्याळ माझ्यासमोर काढून ठेवले आहे, ते योग्यच केले. तेव्हा त्या मोठ्या विषयातील एकच तुकडा मी घेतो. घराच्या परसात मधमाशा पाळणे आणि त्यासाठी लागणारी पेटी व इतर साहित्य आपल्या हाताने तयार करणे, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

आपणांपैकी कोणी मनात म्हणेल की, मधमाशी आणि सुतार यांचा काय संबंध? मधमाशी वनातली, सुतार गावातला. परंतु मंडळी, माशा पाळण्याची सारी विद्या एका मापावर उभी आहे, आणि ते माप आपल्या सुताच्या हिशेबात अगदी चपखल बसते. हे मी कौतुकाने म्हणत नाही. पुढे आकडे सांगतो, त्यांवरून आपणच पडताळा घ्यावा.

पूर्वी बहुतेक ठिकाणी मध काढण्याची रीत अशी होती. धूर करावयाचा, पोळे तोडावयाचे, मधाबरोबर अंडी व अळ्या पिळून काढावयाच्या आणि उरलेल्या माशांना वाऱ्यावर सोडावयाचे. आपल्याकडे आग्यामोहोळाला अजूनही अनेक ठिकाणी टेंभा लावतात, तो त्याच रीतीचा अवशेष होय. लाकडी खोक्यात माशा ठेवण्याचे प्रयत्नही जुने आहेत. पण माशी आपले पोळे खोक्याच्या भिंतींना व झाकणाला चिकटवून टाकीत असे, आणि ते कापल्यावाचून बाहेर काढता येत नसे. इ. स. १८५१ मध्ये अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ नावाच्या गृहस्थांनी यातली मेख ओळखली. हे गृहस्थ धर्मोपदेशक होते आणि मुलींच्या शाळेत शिक्षकही होते, म्हणून मला त्यांच्याविषयी थोडा अधिक जिव्हाळा वाटतो. त्यांच्या ध्यानात असे आले की, दोन पृष्ठभागांमध्ये माशी स्वतःच्या ये-जा करण्यापुरती एक ठरावीक वाट मोकळी ठेवते. ती वाट सुमारे तीन अष्टमांश इंच असते. जागा त्याहून फार अधिक राहिली तर माशी तेथे जादा पोळे बांधते. कमी राहिली तर तिला तेथे शिरताच येत नाही. चौकटीच्या चारही अंगांनी एवढीच वाट राखली की चौकट मोकळी राहते आणि पुस्तकाच्या पानासारखी वर उचलून पाहता येते. पुढल्याच वर्षी, म्हणजे १८५२ मध्ये, त्यांनी या पेटीचे पेटंट घेतले. आजच्या बहुतेक मधपेट्या त्याच पेटीच्या वंशातल्या आहेत.

आता आपला हिशेब पाहा. इंचाची सुते आठ. म्हणून तीन अष्टमांश इंच म्हणजे बरोबर तीन सूत. हे झाले विलायती माशीचे माप. आपल्या देशातील जी माशी झाडाच्या ढोलीत, वारुळात किंवा जुन्या भिंतीच्या पोकळीत अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, तिला पश्चिम महाराष्ट्रात सातेरी म्हणतात. ती विलायती माशीहून लहान आहे, आणि तिची वाटही लहान आहे. ती सुमारे ८ मिलिमीटर भरते, म्हणजे अडीच सूत. चौकटीची वरची पट्टी सात सूत रुंद घ्यावी, दोन पट्ट्यांमध्ये अडीच सुताची वाट ठेवावी, म्हणजे एका पोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साडेनऊ सूत, सुमारे ३० मिलिमीटर, अंतर पडते. विलायती माशीचे हेच अंतर अकरा सूत असते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी आपल्या या लहान माशीसाठी लहान पेटी बसविली, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे भारतीय मानकांतही सातेरीसाठी अ व ब अशा दोन मापांच्या पेट्या ठरविण्यात आल्या.

अर्ध्या सुताने काय बिघडते, असे विचारणाऱ्यास मी एक पेटी दाखवितो. ती मी बाहेरून विकत आणविली होती. कोठून, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. वरून रंग सुरेख होता. आत मात्र दोन चौकटींमध्ये कोठे दोन सूत, कोठे पाच सूत, अशी अंतरे होती. एका ऋतूत माशांनी पाच सुतांच्या जागी आडवी पोळी बांधून तीन चौकटी एकमेकींना जखडून टाकल्या, आणि दोन सुतांच्या जागी मेणकिड्याने जाळे धरले. पेटी होती, पण उघडता येत नव्हती. असे खोके आणि झाडाची ढोली यांत काही अंतर उरत नाही. किंबहुना ढोलीच बरी, कारण ती निदान थंड असते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. विलायती माशी झाडांचा चिकट राळेसारखा रस गोळा करून पेटीच्या बारीक फटी बुजवून टाकते. त्या रसाला प्रोपॉलिस म्हणतात. आपली सातेरी हे काम करीत नाही. तिच्या पेटीला फट राहिली तर ती राहिलीच. त्या फटीत मेणकिड्याचा पतंग अंडी घालतो, मुंगी वाट काढते. म्हणजे विलायती माशीच्या पेटीत कारागिराची कसर माशी स्वतः भरून काढते, आपल्या माशीच्या पेटीत ती कारागिरानेच मुळात ठेवता कामा नये. सातेरीची पेटी चांगल्या सुताराच्या हातची असावयास पाहिजे असे मी म्हणतो, ते एवढ्याचसाठी.

आणि आपल्या घरांतील हत्यारांची आजची अवस्था काय आहे? बैलगाडीची चाके, वखर, नांगर यांवर आपली एक पिढी जगली. रबरी धाव आली, ट्रॅक्टर आला, दारे-खिडक्या लोखंडाच्या झाल्या, कपाटे दुकानातून तयार येऊ लागली. मुले येथल्याच पोलाद कारखान्यात गेली किंवा भंडारा रोड स्टेशनावरून गाडीत बसून नागपूरला गेली. यात वाईट काही नाही. माझे वडील वाकस चालवीत, मी आयुष्यभर खडू चालविला. परंतु करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या माळ्यावर गंजत पडले आहेत, आणि नातवाला गुण्या म्हणजे काय ते ठाऊक नाही. एका मधपेटीत करवतकाम, रंधाकाम, खाच पाडणे, काटकोन साधणे व सुताचे माप सांभाळणे एवढे सारे येते. लाकूड थोडे लागते, आणि काम चुकले की तपासणारी माशी लगेच सांगते. दसऱ्याला पुजलेले हत्यार दुसऱ्या दिवशी हाती धरावयाचे तर याहून चांगला पहिला धडा मला दिसत नाही.

आता लाकडाविषयी. जुन्या घराचे उतरलेले सागवान मिळाले तर प्रश्नच नाही. ते मुरलेले असते, वाकत नाही व त्याला वाळवी सहसा लागत नाही. शिवणीचे लाकूड हलके असते व फिरत नाही, तेही उत्तम. उग्र वासाचे, ओले किंवा चिरफळणारे लाकूड घेऊ नये. फळी पाऊण ते एक इंच जाडीची असावी. पातळ फळीची पेटी स्वस्त पडते, पण आपल्याकडील वैशाख तिच्यातून आरपार जातो. कोपऱ्यांना खाचेचे सांधे द्यावेत आणि खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत, म्हणजे पुढेमागे पेटी खोलता येते. आतून रंग किंवा वॉर्निश मुळीच लावू नये. बाहेरून जवसाचे उकळलेले तेल दोन हात द्यावे. जवस तर आपल्या जिल्ह्यातलेच पीक आहे.

पेटीचे भाग थोडेच आहेत. खाली तळपाट, त्यावर पिलांची कोठी, तिच्यावर मधाची कमी उंचीची कोठी, त्यावर आतले झाकण आणि सर्वांवर छप्पर. दार अडीच ते तीन सूत उंचीचे ठेवावे, म्हणजे गांधीलमाशीला शिरणे अवघड जाते. चौकटीची लांबी-उंची स्वतःच्या कल्पनेने ठरवू नये. मानकाप्रमाणे केलेली एक खरी पेटी आणून तिच्यावरून घ्यावी, आणि आपल्या समाजातील सर्वांनी तेच माप धरावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एकाची चौकट दुसऱ्याच्या पेटीत बसली पाहिजे. एखाद्याची वसाहत दुबळी झाली तर शेजाऱ्याकडील पिलांची एक चौकट देऊन ती सावरता येते; माप वेगळे असेल तर शेजारी असून नसल्यासारखा. शिवाय मध काढण्याचे यंत्र दहा घरांत मिळून एक पुरते, ते सर्वांना तेव्हाच उपयोगी पडेल. हे यंत्र मात्र घरी करण्याच्या भरीस पडू नये. मध आम्ल असतो, जस्ताच्या पत्र्याला तो खातो, म्हणून ते स्टेनलेस स्टीलचेच घ्यावे.

चौकटीच्या वरच्या पट्टीखाली मधोमध एक बारीक कड ठेवावी व तिच्यावर वितळलेले मेण घासावे. माशा त्याच रेषेने सरळ पोळे बांधतात. बाजारात मेणाचे छापील पत्रे मिळतात, पण ते पुष्कळदा विलायती माशीच्या मोठ्या घरांचे असतात, आपल्या माशीस ते चालत नाहीत. धुराडे पत्र्याच्या डब्याचे होते. त्यात गोवरीचा तुकडा किंवा जुने पोते जाळावे. सातेरीला धूर फार थोडा पुरतो. तोंडावरचा बुरखा जुन्या मच्छरदाणीचा शिवता येतो, डोळ्यांसमोर काळी जाळी असावी म्हणजे स्वच्छ दिसते. भगिनीवर्गाने हे काम हाती घेतल्यास एका दुपारी साऱ्या आळीचे बुरखे तयार होतील.

माशा आणावयाच्या कोठून? आग्यामाशी पेटीत राहत नाही, तिचे एकच उघडे पोळे असते व ती ऋतूप्रमाणे गाव बदलते. तिचा नाद सोडावा. सातेरीची वसाहत आपल्या धुऱ्यावरील झाडात, विहिरीच्या कपारीत, पडक्या भिंतीत सापडते. राखीव जंगलातील झाडाला हात लावू नये, ते कायद्याविरुद्ध आहे. संध्याकाळच्या सुमारास पोळी हलक्या हाताने कापावीत, पिलांची पोळी चौकटीत बसवून केळीच्या सोपटाने बांधावीत, आणि राणी पेटीत गेली की बाकीच्या माशा तिच्यामागे येतात. दोन-चार दिवसांत पोळे लाकडाला जोडले जाते, मग सोपट काढून टाकावे. विकत वसाहत घ्यावयाची तर खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावी. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूरोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती बुडाल्या. अळी घरातच पाण्याच्या पिशवीसारखी होऊन मरते. त्यावर औषध नाही.

हा उद्योग मुळात आपल्या प्रदेशास परका नाही. १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व कुमारप्पांनी मगनवाडीत त्याचे काम चालविले, तेव्हा घाणीचे तेल आणि हातकागद यांच्याबरोबर मधमाशापालनही तेथे होते. पुण्यास १९६२ मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. महाबळेश्वराजवळचे मांघर हे गाव २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. सह्याद्रीतील फुलोरा आपल्याकडे नाही हे खरे, पण आपले पंचांग निराळे आहे, तेवढे ओळखले म्हणजे झाले.

आषाढ-श्रावण हा आपल्याकडे माशीच्या उपासाचा काळ. बांध्यांत सर्वत्र धान असते, आणि धानाच्या फुलात मध नाही. या दिवसांत साखर व उकळलेले पाणी समभाग घेऊन, पाक थंड करून, संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. बाहेर सांडू देऊ नये, नाहीतर दुसऱ्या वसाहतीच्या माशा लूट करावयास येतात. गूळ देऊ नये, त्याने माशांचे पोट बिघडते. पेटी किंचित पुढे झुकती ठेवावी, पाणी आत साचत नाही. तुडतुड्यांसाठी धानावर औषध मारतात त्या दिवशी शेजाऱ्यास आधी विचारून ठेवावे. फवारणी सायंकाळी करावी अशी विनंती करण्यात कमीपणा नाही.

भाद्रपद-आश्विनात बोरी फुलते, कार्तिक-मार्गशीर्षात धुऱ्यावरची तूर. मग मोहरी, जवस, लाखोळी, कोथिंबीर. फाल्गुन-चैत्रात खरा सुकाळ: जांभूळ, करंज, निंब. या दिवसांत दर सात दिवसांनी पेटी उघडावी, अधिक वेळा नाही. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगेसारखी लोंबती घरे दिसली तर ती राणीघरे होत. ती अंडे घातल्यापासून सुमारे आठव्या दिवशी बंद होतात, आणि त्याच सुमारास जुनी राणी निम्म्या माशा घेऊन बाहेर पडते. नवी राणी पंधरा-सोळाव्या दिवशी निघते. म्हणून सात दिवसांचा नेम. घरे दिसली की दुसरी पेटी तयार ठेवावी व वसाहत आपणच विभागून घ्यावी. येथे घरच्या सुताराचा उपयोग कळतो. ज्याला पेटी विकत आणावयाची असते, त्याच्या माशा तोवर शेजारच्या गावी पोचलेल्या असतात.

तपासणीत पाहावयाचे काय? राणी दिसलीच पाहिजे असे नाही. तळाशी उभी ताजी अंडी दिसली की राणी आहे. जुने काळे पडलेले, रिकामे पोळे काढून टाकावे, कारण मेणकिड्याला तेच प्रिय. तळपाटावरचा कचरा झाडावा. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत आहेत की नाहीत, आणि वाट्यांत पाणी आहे की नाही, हे रोज पाहावे. वेड्या राघूविषयी लोक मला विचारतात. तो थोड्या माशा खाणारच; त्याला गोफण मारू नये, त्याचा वाटा धरून चालावे.

आणि आता वैशाख. आपल्या भागात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पिलांच्या पोळ्यात माशा सुमारे ३४-३५ अंश उष्णता राखतात. त्याकरिता त्या पाणी आणून शिंपडतात व पंखांनी वारा घालतात. ते पुरले नाही तर मधाने जड झालेले नवे पोळे मऊ होऊन तुटून पडते, आणि सातेरीचा स्वभाव असा की, राहणे अशक्य झाले तर ती भांडत बसत नाही, सर्व वसाहत घेऊन निघून जाते. वर्षभराची मेहनत एका दुपारी जाते ती अशी. म्हणून पेटी दाट आंब्याच्या किंवा निंबाच्या सावलीस ठेवावी. छप्पर दुहेरी करावे, दोन फळ्यांमध्ये इंचभर हवा राहू द्यावी, वर तणसाचा जाड थर घालून ओले पोते टाकावे. जवळच परातीत खडे टाकून पाणी ठेवावे, खड्यांवर बसून माशा पितात. दुपारी पेटी उघडू नये. लग्नसराईत गावोगाव फिरणाऱ्या मंडळींनी पाणी घालणारे माणूस नेमल्याखेरीज घर सोडू नये. माशी पंगतीचे आमंत्रण समजत नाही.

मध किती निघेल, हा प्रश्न आल्याशिवाय राहणार नाही. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाकाठी काही किलो, चांगल्या ऋतूत पाच-सात, अशी अपेक्षा ठेवावी. लाखांच्या गोष्टी सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. ते उत्पन्न विलायती माशीच्या शेकडो पेट्या ट्रकातून फुलोऱ्यामागे हिंडविणाऱ्यांचे असते, आणि तो धंदा आहे, परसातला उद्योग नव्हे. मध फक्त वरच्या कोठीतला घ्यावा, तोही चौकटीची तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्यावर. उघड्या घरातला मध पातळ असतो व आंबतो. खालच्या कोठीतला माशांचा आहे. चैत्रात अखेरचा मध काढताना वैशाखापुरता त्यांच्यासाठी राखावा.

डंख होतोच. नांगी ओढून न काढता नखाने खरवडून काढावी. मात्र एखाद्याला डंखानंतर अंगभर पित्त उठले किंवा श्वास कोंडू लागला तर घरगुती उपाय न करता तडक दवाखान्यात न्यावे, आणि त्याने पुन्हा पेटीजवळ जाऊ नये.

काढून टाकलेली पोळी फेकू नयेत. ती फडक्यात बांधून पाण्यात उकळावीत. मेण वर येते, थंड झाल्यावर वडी निघते. मेण नुसत्या आचेवर ठेवू नये, पेट घेते. ही वडी पुढच्या चौकटींना लागते, आणि उरली तर आपल्या हत्यारांस लागते. करवतीच्या पात्यावर फिरवली तर करवत सरळ चालते, स्क्रूला लावली तर तो लाकडात सहज उतरतो, आणि जवसाच्या तेलात मुरवली तर सागवानास जी झळाळी येते ती दुकानच्या डब्याने येत नाही.

येथे मेजावर एक रिकामी पेटी, दोन सुट्या चौकटी आणि ती विकतची पेटीही ठेवली आहे. शेजारी फूटपट्टी आहे. मापांचे कागद वीस-पंचवीस घरांपुरते लिहून आणले आहेत. ज्यांना मोजून पाहावयाचे असेल त्यांनी पंगत बसण्यापूर्वी पाहावे, आणि मुलांना आधी मोजू द्यावे.